गिरणगावाला जेवू घालणाऱ्या आया: ज्यांचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही

गिरणी कामगारांच्या घरांची बातमी आली की आपल्या पाटण तालुक्यात जुन्या ट्रंका उघडतात. कुणाच्या आजोबांचं गिरणीचं तिकीट, कुणाच्या वडिलांची फंडाची स्लिप. गेल्या महिन्यात आमच्याही घरी ट्रंक उघडली. तिकीट निघालं नाही, कारण गिरणीत आमचं कुणीच नव्हतं. निघाली फक्त आजीची वही. आजीला लिहिता येत नव्हतं. वहीत नुसत्या उभ्या रेघा आहेत. एक जेवण, एक रेघ.

आजी खानावळवाली होती. १९६० साली आजोबा गेले तेव्हा माझे वडील ८ वर्षांचे. डोंगराची नाचणी आणि भाताचं एक खाचर, त्यावर दोन तोंडं चालेनात. पोराला भावाकडे ठेवून ती लालबागला गेली. दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्ह मांडला आणि पंचवीसेक गड्यांना भाकरी घालू लागली.

हा माझ्या एकट्याच्या आजीचा इतिहास नाही, म्हणून लिहितोय.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ ला उभी राहिली. तेव्हापासून रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचा गडी मुंबईला जात राहिला. बायकापोरं गावी आणि तो एका खोलीत दहा-पंधराजणांत. एक पाळी झोपायची, दुसरी कामाला जायची. यांना जेवायला कोण घालणार? मालकाने घातलं नाही, सरकारनेही नाही. घातलं ते गावाकडून आलेल्या बायकांनी. कुणी विधवा, कुणी टाकलेली, कुणाचा नवरा आजारी नाहीतर दारूत बुडालेला.

काही बाया गिरणीतही होत्या, वाइंडिंग-रीलिंग खात्यात. १९२९ ला मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला आणि मालकांना बाई महाग वाटू लागली. नवी यंत्रं आली. बाईचं काम कमी होत गेलं. मग उरली ती घरातली चूल. कवी नारायण सुर्वे आपल्याला माहीत आहेत. त्यांना उचलून वाढवलं ते गिरणी कामगार गंगाराम सुर्वे आणि काशीबाई यांनी. काशीबाईसुद्धा गिरणीतच राबायच्या.

आजीचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. सातच्या पाळीचे डबे भोंग्याआधी तयार पाहिजेत. मग दुपारची पाळी, मग रात्रपाळी. पैसे मात्र महिन्याने, पगार झाल्यावर. तोवर किराणा उधार, नाहीतर सावकाराकडून भरमसाट व्याजाने. पगाराच्या दिवशी ती आधी पोस्टात जायची. मनीऑर्डर गेली की मग वाण्याचं बघायचं. त्या मनीऑर्डरीवर वडील शिकले, मास्तर झाले. वडील म्हणतात, "आई मला वर्षातून दोनदा भेटायची. गणपतीला आणि यात्रेला. माझ्या वाटची भाकरी ती दुसऱ्यांच्या पोरांना घालत होती, म्हणून मला वही-पुस्तक मिळालं." एवढं बोलून ते गप्प होतात.

१९७३-७४ मध्ये गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. गड्यांना पगार नाही, पण या बायकांनी चुली बंद केल्या नाहीत. आजीने पाटल्या गहाण टाकल्या. संप मिटल्यावर आभार सगळ्यांचे मानले गेले, खानावळवालीचे कुणी मानले नाहीत. हे खटकलं ते प्रेमा पुरव यांना. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या, मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या या बाईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पहिल्या १४ जणींना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण काही नाही, एकमेकींची जामीनकी. पुढे हजारो बाया सावकाराच्या हातून सुटल्या. २००२ मध्ये पुरवताईंना पद्मश्री मिळाली. आजी थोडी उशिरा मंडळात गेली. अंगठा उठवून घेतलेलं पहिलं कर्ज तिने एकही हप्ता न चुकवता फेडलं, हे ती मरेपर्यंत सांगायची.

मग आला १८ जानेवारी १९८२. अडीच लाख कामगार संपावर गेले. आजीने परत उधारीवर घातलं. पण हा संप मिटलाच नाही. गडी एकेक करून गावी गेले, रेघा वहीतच राहिल्या. १९८४ ला आजी स्टोव्ह आणि वही घेऊन परत आली. काही गडी पुढे घरी येऊन पैसे देऊन गेले. बाकीच्यांबद्दल ती एवढंच म्हणायची, "पोटाला खाल्लंय त्यांनी, चोरी नाय केली."

आता घराच्या अर्जाला गिरणीत असल्याचा पुरावा लागतो. कामगारांना घरं मिळालीच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण ज्या बाईने वीस-बावीस वर्षं पंचवीस कामगार जगवले, तिचा पुरावा काय? मस्टर नाही, फंड नाही, पेन्शन नाही. आपण गिरणगावाचा इतिहास लिहितो तो मालक, पुढारी आणि संपांचा. पहाटे तीनची भाकरी त्यात सापडत नाही.

आपल्या प्रत्येक वाडीत अशी एखादी आजी, मावशी, चुलती होऊन गेली असेल. काही अजून असतील, ऐंशी-नव्वदीच्या. त्यांच्याजवळ जाऊन बसा. कुठली चाळ, किती गडी जेवायचे, मनीऑर्डर किती यायची, विचारा आणि लिहून ठेवा. तारखेसकट. सरकारच्या मस्टरवर त्यांचं नाव चढलं नाही. निदान आपल्या गावाच्या वहीत तरी चढू दे.