शवागारातली सुरी

मार्च 1847 मध्ये व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याची सुरी न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का यांच्या बोटाला लागली आणि त्यातून विष भिनून ते दगावले. त्यांचे मित्र आणि तिथल्याच प्रसूतिविभागातले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांना कोलेच्कांच्या शवविच्छेदनाच्या अहवालात बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या खुणा दिसल्या. प्रेताचे कण डॉक्टरांच्या हातांवरून प्रसूतिकक्षात पोचतात, हे त्यावरून त्यांनी ओळखले. मेपासून क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे झाले. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांच्या घरात असलेले बाळंतिणींचे मृत्यू जूनमध्ये 2 टक्क्यांच्या आसपास आले. पण कोलेच्का जिथे जखमी झाले, त्या खोलीचे काय? हात धुण्याचा नियम बाळंतिणींसाठी होता. सुरी बोटात घुसू नये यासाठी त्यात काहीच नव्हते.

याचे कारण मला त्या काळच्या भीतीत दिसते. रोग दुर्गंधीतून येतो, अशी समजूत होती. म्हणून शवागाराची भीतीही नाकाने मोजली जाई. पॅरिसचे औषधनिर्माते लाबाराक यांनी 1820 च्या दशकात क्लोरीनची द्रावणे वापरात आणली, ती आतडी साफ करणाऱ्या कारखान्यांतली आणि शवागारातली घाण मारण्यासाठी. सेमेलवाइसनीही क्लोरीन निवडले, कारण साबणाने धुतल्यावरही हातांना प्रेताचा वास राहत असे. मग नाकाची भीती उपयोगीच ठरली ना? अंशतः ठरली, हे मान्य करायला हवे. पण वासाने दाखवलेली वाट हातांवरच्या कणांपर्यंतच गेली. धारदार पात्याला वास नसतो, त्यामुळे त्याच्याकडे लक्ष गेले नाही.

भीती अशी आंधळी असली की ती काम करणाऱ्याला सोडून शेजाऱ्यापाजाऱ्यांची काळजी वाहते. मार्च 2020 मध्ये मुंबई महापालिकेने कोविडच्या सर्व मृतांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि लगेच बदलले. मे महिन्यात उच्च न्यायालयाने दफनाला विरोध करणाऱ्या याचिका फेटाळल्या. वाद पेटला तो दफनाच्या जागेवरून. शव उचलणाऱ्या, धुणाऱ्या, शिवणाऱ्या हातांची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली. भीती वाटल्याने माणूस जपून वागतो, असे कोणी म्हणेल. नेमके कशाला जपायचे हे ठाऊक असेल तरच ते खरे. शवागारात ते ठाऊक आहे: कावीळ ‘ब’ ची लस, क्षयासाठी योग्य मास्क आणि खेळती हवा, आणि सुरी हातात न देता ताटलीत ठेवण्याची सवय. ही शेवटची सवय 1847 मध्येही बिनखर्चाची होती.