ताऱ्यांच्या तेजाचे रोजनामे

आपल्या ज्योतिर्विदांनी ग्रहांच्या गतीचा हिशेब पिढ्यानपिढ्या चोख ठेवला. ताऱ्यांच्या तेजाचा हिशेब मात्र फारसा ठेवला नाही. तारे हे ग्रहमार्गावरील मैलाचे दगड, आणि दगड दररोज कोण मोजणार, अशी ही दृष्टी असावी. साधनांची उणीव होती असे म्हणवत नाही. कलियुगारंभापासून लोटलेल्या दिवसांची संख्या, म्हणजे अहर्गण, आपल्याकडे होताच. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघवा’त अकरा-अकरा वर्षांची चक्रे पाडून तो आकडा आटोपशीर केला. आज जगभरचे निरीक्षक ताऱ्याच्या तेजाची नोंद करताना ज्या ‘ज्युलियन दिनांका’चा आधार घेतात, तो याच जातीचा. इसवी सनपूर्व ४७१३ पासून तो मोजतात. १ जानेवारी २००० ची दुपार म्हणजे २४५१५४५ हा आकडा.

तेज मोजण्याची पट्टी ग्रीकांची. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे. या ढोबळ वर्गवारीला १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी गणिताची शिस्त लावली: पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट तेज, अर्थात एका प्रतीला सुमारे २.५१२ पट. हेच पॉगसन १८६१ पासून १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये ‘आर रेटिक्युली’ हा तारा रूपविकारी असल्याचे दाखविले.

पद्धत पाहावी तर बाजारातल्या तराजूइतकी साधी. वृषपर्वा मंडलातील डेल्टा तारा साधारण ५ दिवस ९ तासांत साडेतीन प्रतीपासून जवळजवळ साडेचार प्रतीपर्यंत मंदावतो व पुन्हा उजळतो. शेजारचा झीटा सुमारे ३.४ प्रतीचा, एप्सिलॉन सुमारे ४.२ प्रतीचा. डेल्टा या दोहोंच्या बरोबर मधोमध वाटला, तर ३.८ लिहावे, वेळ लिहावी, झोपावे. तांबड्या ताऱ्याकडे मात्र टक लावू नये, तो पाहता पाहता उगाच तेजस्वी भासू लागतो. याच वर्गातील ताऱ्यांचा आवर्तकाळ व अंगभूत तेज यांचा संबंध हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये मांडला आणि दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजण्याचा गज हाती आला. (वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी, ययाती हे अवघे कुटुंब उत्तर आकाशात एकत्र नांदते. शिरोड्यास अध्यापन केलेल्या खांडेकरांच्या वाचकांना ते अनोळखी नाही.)

या कामाला लागतो तो चिवटपणा. तो आपल्या देशात पराकोटीला नेला जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांनी. सरकारी खजिन्यातली नोकरी, हाती कोणतीही पदवी नाही. १९१० चा हॅलेचा धूमकेतू त्यांनी दुर्बिणीच्या लहान जोडीतून पाहिला. १९१२ मध्ये तीन इंची दूरदर्शक मिळविला. १९१८ च्या जूनमध्ये गरुड मंडलात नवतारा भडकला, तो त्यांनी स्वतंत्रपणे टिपून हार्वर्ड वेधशाळेस कळविला. पुढे अमेरिकेतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संस्थेने त्यांना सव्वासहा इंची दुर्बीण वापरावयास धाडली. १९५४ पर्यंत त्यांच्या नोंदींची संख्या सदतीस हजारांवर गेली. मधल्या काळात फाळणी झाली, जन्मगाव सुटले. ती दुर्बीण पुढे वेणू बाप्पूंकडे गेली आणि अखेर तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली. बाप्पूंनीही विद्यार्थिदशेत हैदराबादेस रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेतले होते. बंगालचा हा कारकून आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी आला नाही, हे मला लाजिरवाणे वाटते.

मराठीत ही गोडी लावली ती मुरूडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) हा त्यांचा विद्वन्मान्य ग्रंथ. पण सामान्य वाचकाला अंगणात आणले ते ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ या पुस्तकाने. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली आणि हौशी निरीक्षकांना एकत्र बसण्याची जागा मिळाली.

आपल्या चोपड्याच्या वाट्याला या बाबतीत दोन अडचणी. पहिली पावसाची. १९१८ चा तो नवतारा ९ जूनच्या सुमारास ऐन तेजात होता, म्हणजे मृग लागून दोनच दिवस! हंस मंडलातील १९७५ चा नवतारा २९ ऑगस्टला उजेडात आला व थोड्याच दिवसांत मंदावला. कोकणगोव्याचे ढग अशा वेळी आड येणारच. यासाठीच निरीक्षक जगभर विखुरलेले असावे लागतात. दुसरी अडचण दिव्यांची, आणि ती आपली आपणच ओढवून घेतलेली. शापोराच्या काठचे दिवे वर्षागणिक वाढत आहेत, आणि २०२३ च्या जानेवारीपासून मोप्याचा विमानतळही चालू आहे. तरी २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत मृगातील काक्षी एक प्रतीहून अधिक मंदावला, तो नुसत्या डोळ्यांनी कोणालाही दिसण्याजोगा होता.

उत्तर मुकुटातील ‘टी’ तारा १८६६ च्या मेमध्ये आणि १९४६ च्या फेब्रुवारीत भडकून दुसऱ्या प्रतीच्या आसपास आला होता. एरवी तो दहाव्या प्रतीचा, दुर्बिणीवाचून न दिसणारा. पुढचा भडका जवळ आल्याच्या समजुतीने २०२४ पासून निरीक्षक त्याच्यावर डोळा ठेवून बसले. एप्रिल-मेच्या संध्याकाळी हे मंडल पूर्वेकडे वर चढते. भडक्यानंतर तो डोळ्यांना दिसतो जेमतेम आठवडाभर.