देवीच्या साथीतला शेजारी

संत जोसेफ वाझ यांचा जन्म १६५१ साली आपल्या गोव्यात, बाणावलीला झाला. १६९७ मध्ये श्रीलंकेत कांडी येथे देवीची साथ आली. भीतीपोटी घरच्यांनीच रोग्यांना रानात सोडले. फादर वाझ आणि सोबतचे फादर जोसेफ कार्व्हालो यांनी त्यांना झोपड्या बांधून दिल्या, अन्न भरवले, मृतांना मूठमाती दिली. ख्रिस्ती कोण, बौद्ध कोण, हे पाहिले नाही.

पेडणे-डिचोलीत आम्ही ख्रिस्ती थोडे, शेजार बहुतेक हिंदू. कोविडच्या दिवसांत आम्हीही काही दारांवरून मान खाली घालून पुढे गेलो. ती दारे अजून आठवतात.

१६ जानेवारीला संतांचा सण. त्या दिवशी मेणबत्ती लावण्याआधी आपण एका आजाऱ्याचे दार वाजवूया. प्रभू तिथेच भेटेल.