बर्गरची वाट आणि कापसाची वाट

एखाद्या विदेशी खाद्यसाखळीचे दुकान उघडते तेव्हा माणसे रांगेत नेमकी कशासाठी उभी राहतात? भुकेसाठी तर नव्हेच. ३१ जानेवारी १९९० रोजी मॉस्कोत मॅकडॉनल्ड्स उघडले, तेव्हा पहिल्याच दिवशी तीस हजारांवर माणसे आत जाऊन आली. जग आपल्या दारी आले, एवढे पाहण्याचे ते अप्रूप होते. १९९६ च्या ऑक्टोबरात तेच अप्रूप दिल्लीत आणि मुंबईत अवतरले.

त्यावर आपल्याकडे झालेली चर्चा मात्र बव्हंशी संस्कृतीची, म्हणजे वडापाव विरुद्ध बर्गर अशी. (वडापावचा बटाटा आणि पाव हे दोन्ही पोर्तुगीजांचे देणे, हे त्या आवेशात कोणाला आठवावे!) शेतकरी चळवळींतला वाद अधिक मूलगामी होता. बंगळुरूत १९९५ साली उघडलेल्या केंटकी फ्राइड चिकनच्या दुकानावर ३० जानेवारी १९९६ रोजी प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने हल्ला केला. इकडे शरद जोशी डंकेल प्रस्तावाचे उघड समर्थन करीत होते. बाजार खुला होऊ द्या, आमचे हातही मोकळे करा, हे त्यांचे म्हणणे.

राजुऱ्यासारख्या कापूसपट्ट्यात ही भाषा का रुजली, हे नकाशा पाहिल्यावाचून कळत नाही. १९५६ पर्यंत राजुरा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार पुनर्रचनेत तो आधी नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. आदिलाबाद परराज्यात राहिले. पुढे १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. महाराष्ट्रातला कापूस शासनालाच द्यायचा, सीमेपार न्यायचा नाही. ज्या बाजारपेठेशी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार, तेथे आपलाच कापूस नेणे आता चोरटी वाहतूक ठरले.

बर्गर सात समुद्र ओलांडून वांद्र्याला पोहोचला, त्या वर्षीही राजुऱ्याच्या कापसाला शेजारच्या जिल्ह्यात जाण्याची कायदेशीर वाट नव्हती. उदारीकरणाचा इतिहास लिहिताना आपण रांगांकडे पाहतो आणि सीमेवरच्या नाक्यांकडे पाहत नाही, ही माझ्या मते आपल्या समीक्षेचीच नागरी खोड आहे.

२००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना कापूसखरेदीची मुभा मिळाली. त्यासाठी कोठे फीत कापली गेल्याचे ऐकिवात नाही. दोन वर्षांनी राजुऱ्याने शेतकरी संघटनेच्या वामनराव चटपांना विधानसभेत पाठवले.