मातीचे दाबलेले ठोकळे (येलहंका व उत्तर बंगळुरू)

मातीचे दाबलेले ठोकळे : न भाजता, यंत्राच्या दाबाने घट्ट केलेली मातीची वीट. चाळलेली माती, लागेल तेवढी वाळू आणि ६ ते ८ टक्के सिमेंट एवढाच तिचा ऐवज. पाणी इतके बेताचे की मिश्रण मुठीत दाबले तर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये. स्थिरीकृत मृदा ठोकळा हे तिचे शास्त्रीय नाव कागदाबाहेर फारसे ऐकू येत नाही. कामावर सगळे ‘मड ब्लॉक’च म्हणतात. भट्टी नसल्याने इंधन वाचते आणि माती त्याच प्लॉटवरची असली तर मालवाहतूकही वाचते. बांधकामातला कार्बन कमी होतो तो या दोन कारणांनी. माती वापरली एवढ्याने काही साधत नाही.

येलहंका हे बंगळुरूच्या उत्तरेचे उपनगर वायुदलाचा तळ, रेल्वेची चाके घडवणारा कारखाना आणि विमानांचे प्रदर्शन यांसाठी ओळखले जाते. गाव मात्र बंगळुरूपेक्षा जुने. बंगळुरू वसवणारा केंपेगौडा हा येलहंका नाडाचा प्रभू. त्याने १५३७ मध्ये उभारलेला बंगळुरूचा किल्ला मातीचा होता. १६३८ मध्ये रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांच्या आदिलशाही फौजेने तो घेतला आणि पुढे बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले. किल्ल्याचे दगडी काम हैदरअलीने १७६१ मध्ये सुरू केले. म्हणजे शहाजीराजांचा तिथला कारभार मातीच्या तटाआडूनच चालला.

येलहंक्याची माती तांबडी. खाली ग्रॅनाइटसारखा पट्टेदार नाइस खडक आहे, तो झिजून ती झाली. तिच्यात वाळूचे प्रमाण चांगले असते आणि चिकणमातीचा अंश बहुतांशी केओलिनाइट जातीचा. ही चिकणमाती पाणी पिऊन फारशी फुगत नाही, वाळताना फारशी आकसत नाही, म्हणून थोड्या सिमेंटनेही ती बांधली जाते. चांगल्या ठोकळ्याच्या मिश्रणात वाळू ६५ टक्क्यांच्या आसपास आणि चिकणमाती १० ते १५ टक्के असावी लागते. चिकणमाती जास्त निघाली तर वाळू किंवा दगडखाणीतली चुरी मिसळून ती विरळ करतात. वरचा हातभर थर मात्र वापरत नाहीत; त्यात मुळे आणि कुजकट असते, ती झाडांची माती.

या तंत्राचे शास्त्र बंगळुरूतच घडले. भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अ‍ॅस्ट्रा’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. तिथे के. एस. जगदीश, बी. व्ही. वेंकटरामा रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीच्या बांधकामावर अनेक दशके काम केले. हाताने चालणाऱ्या दाबयंत्राची कल्पना बाहेरची : कोलंबियात राउल रामिरेझ यांनी १९५० च्या दशकात केलेले ‘सिन्व्हा-राम’ हे यंत्र तिचे मूळ. बंगळुरूचे ‘अ‍ॅस्ट्रम’ आणि नंतरचे ‘मर्दिनी’ ही त्याच घराण्यातली. ग्रामीण भागासाठी सुरू झालेले हे काम अखेर शहरातल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने उचलले. खेड्यातल्या माणसाला मातीच्या घरातून बाहेर पडायचे होते आणि शहरातल्याला आत यायचे होते, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

ठोकळा पाडण्याचे काम दिसते सोपे. माती चाळायची, कोरडी असतानाच सिमेंट मिसळायचे, पाणी शिंपडायचे, साच्यात भरायचे, झाकण लावून दांडा ओढायचा. मेख वजनात आहे. या यंत्रात शेवटी मिळणारे आकारमान ठरलेले असते. त्यामुळे ठोकळा किती घट्ट होणार हे साच्यात किती वजनाची माती घातली यावर ठरते. म्हणून प्रत्येक ठोकळ्याची माती तोलून घ्यावी लागते. २३० × १९० × १०० मिमीचा ठोकळा सुमारे आठ किलोचा भरतो. घमेल्याच्या अंदाजाने भरलेले ठोकळे दिसायला सारखे असले तरी आतून पोकळ-भरीव निघतात, आणि या तंत्राच्या बदनामीतला मोठा वाटा त्यांचाच. दुसरी हयगय पाणी मारण्यात होते. ठोकळे रचून, पेंढ्याने झाकून तीन-चार आठवडे ओले ठेवायचे असतात. घाई झाली की कडा झडू लागतात. यासाठीचे भारतीय मानक आयएस १७२५ हे १९८२ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये सुधारले गेले.

वेंकटरामा रेड्डी आणि जगदीश यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार एक घनमीटर भाजक्या विटांच्या बांधकामामागे २,१४१ मेगाज्यूल ऊर्जा खर्ची पडते. ६ टक्के सिमेंटच्या मातीच्या ठोकळ्यांचे तेच बांधकाम ६४६ मेगाज्यूलमध्ये होते, म्हणजे साधारण ३० टक्क्यांत. सिमेंट ८ टक्के केले की आकडा ८१० वर जातो. उरलेल्या ऊर्जेतही मोठा वाटा सिमेंटचाच, त्यामुळे ‘जास्त घाला, पक्के होईल’ ही मिस्त्रीची सवय इथे महागात पडते. बहुमजली काँक्रीट सांगाड्याच्या इमारतीला दर चौरस मीटरला ४.२१ गिगाज्यूल लागतात, तर दुमजली मातीच्या ठोकळ्यांच्या भारवाही इमारतीला १.६१. मात्र त्यातली बचत भिंतीबरोबर छतातही आहे : स्लॅबमध्ये जिथे काँक्रीटचे काम नसते तिथे मातीचेच ठोकळे भरतात. मातीच्या भिंतीवर नेहमीसारखा जाड स्लॅब ओतला, तर निम्मे पुण्य तिथेच वाहून जाते.

येलहंक्याला लागून असलेल्या विद्यारण्यपुऱ्यात वास्तुविशारद चित्रा विश्वनाथ यांचे घर आहे. तळघरासाठी खणलेल्या मातीचेच ठोकळे पाडून ते बांधले. खड्ड्याची माती ट्रकने शहराबाहेर टाकायची आणि विटा ट्रकनेच आत आणायच्या, हा उलटा व्यवहार त्यामुळे टळला. त्यांच्या ‘बायोम’ या संस्थेने अशी पुष्कळ घरे बांधली. कमानी, घुमट, गिलावा नसलेली तांबूस भिंत आणि पुढे आलेले छत ही त्यांची ओळख. पुढे आलेले छत ही हौस नव्हे. पावसाचा मारा आणि जमिनीची ओल या दोन गोष्टी मातीला सोसत नाहीत; त्यासाठी वर छज्जा आणि खाली दगडी जोते हवेच.

आक्षेप दोन आहेत. सिमेंट मिसळलेली माती पुन्हा शेतात जात नाही, हा एक. तो खरा आहे. दुसरा भूकंपाचा. मराठी माणसाच्या मनात मातीचे घर म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ चे किल्लारी उभे राहते. तिथे माणसे दबली ती गोट्या-धोंड्यांच्या, चिखलात रचलेल्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद कोसळून. जोत्याला आणि दारा-खिडक्यांच्या वर काँक्रीटचे पट्टे बांधलेली ठोकळ्यांची भिंत ही निराळी रचना आहे. दोन्हींना एकाच नावाने भिणे बरोबर नाही.

येलहंक्याचे प्रमाण जसेच्या तसे महाराष्ट्रात मात्र चालत नाही. दख्खनच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट असते. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि ६ टक्के सिमेंटला दाद देत नाही. जुन्या लोकांना हे ठाऊक होते. काळीत पेरायचे आणि भेंडे, धाबे, गढीचे बुरूज यांना पांढरीची माती घ्यायची. काळ्या मातीला चुना लागतो, आणि तो लवकर मुरावा म्हणून ठोकळ्यांना वाफ द्यावी लागते. वाफ दिलेल्या ठोकळ्यांच्या बांधकामाचा खर्च वरच्याच हिशेबात १,३९६ मेगाज्यूल आहे : भाजक्या विटेपेक्षा कमी, पण येलहंक्याच्या दुपटीहून जास्त. कोकणातल्या तांबड्या मातीला ही अडचण कमी.

यंत्र मागवण्याआधी आपल्या प्लॉटवरची माती काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावी. तळाशी वाळू बसते, वर गाळ, त्यावर चिकणमाती. वाळूचा थर निम्म्याहून कमी दिसला, तर आधी वाळूचा भाव विचारावा.