बत्तीस अंड्यांचा केक, आठवड्याला एक अंडे

एलिझाबेथ राफल्ड ही मँचेस्टरची मिठाईवाली. आधी ती चेशरमधल्या आर्ली हॉल या जमीनदारी वाड्यात कारभारीण होती. लग्नानंतर तिने शहरात दुकान थाटले आणि १७६९ मध्ये गृहिणींसाठी पाककृतींचे पुस्तक छापले. त्यात नवरीच्या केकची कृती आहे. चार पौंड मैदा, चार पौंड लोणी, दोन पौंड साखर, चार पौंड बारीक काळे मनुके, त्याखेरीज बदाम, साखरेत मुरवलेल्या संत्र्या-लिंबाच्या साली, जायफळ, जायपत्री आणि ब्रँडी. अंडी दर पौंड मैद्यामागे आठ, म्हणजे एकूण ३२. भाजलेल्या केकवर बदामाच्या वाटणाचा थर आणि त्यावर साखरेचा पांढरा थर. इंग्लंडमधला पारंपरिक लग्नाचा केक आजही मुळात हाच आहे.

आता दुसऱ्या महायुद्धातल्या, १९४२ सालच्या लंडनमधल्या एखाद्या साध्या घरात जाऊ. तिथे माणशी आठवड्याला साधारण दोन औंस लोणी, आठ औंस साखर आणि मिळालेच तर एक अंडे असे रेशन होते. राफल्डबाईंचे चार पौंड लोणी म्हणजे ६४ औंस. एका माणसाने ३२ आठवडे पावाला लोण्याचे बोटही लावले नाही, तर तेवढे साठणार. अंड्यांचा हिशेबही तोच, ३२ आठवडे. तरीही त्या वर्षांत इंग्लंडमध्ये लग्ने धडाक्याने लागत होती आणि बहुतेक लग्नांत केक कापला जात होता. तो कसा, याची गोष्ट राजवाड्यातल्या केकांच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

राजवाड्यातल्या केकांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण लोकांच्या डोळ्यांपुढे नमुना तोच होता. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीचे लग्न झाले. तिचा केक सुमारे ३०० पौंड वजनाचा होता, पण एकाच थराचा, जात्याच्या पाळूसारखा रुंद. उंच मजल्यांचा केक पुढे आला. १८५८ मध्ये राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात केक मनोऱ्यासारखा उभा राहिला खरा, पण त्यात केक फक्त तळाला होता, वरचे सगळे साखरकाम. मजल्यांवर मजले आणि सगळे खाण्याजोगे, असा केक १८८२ मध्ये राजपुत्र लिओपोल्डच्या लग्नात दिसला.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. १८७४ मध्ये ब्रिटनने साखरेवरची जकात रद्द केली. युरोपातली बिटाची साखरही बाजारात येऊ लागली आणि एके काळी श्रीमंतांच्या कपाटात कुलपाखाली राहणारी पांढरी साखर कारकुनाच्या घरात आली. राफल्डच्या काळातली साखर कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या घामातून आणि रक्तातून येत होती, तिच्या पांढरेपणाची किंमत तिथे मोजली जात होती. साखर स्वस्त झाल्यावर मध्यमवर्गानेही तीन मजल्यांचा पांढरा केक मागायला सुरुवात केली. नळीतून आयसिंग सोडून जाळी, वेली, गुलाब काढायचे काम घरच्या बाईच्या हातचे राहिले नाही. ते पेशेवर कारागिरांकडे गेले. अशा रीतीने घरच्या पुस्तकातला केक दुकानातून विकत आणायची वस्तू झाला.

८ जानेवारी १९४० रोजी ब्रिटनमध्ये बेकन, लोणी आणि साखर यांचे रेशनिंग सुरू झाले. देशाचे बरेचसे अन्न समुद्रापलीकडून यायचे आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवत होत्या. जूनमध्ये इटली युद्धात उतरला, पुढच्या एप्रिलमध्ये ग्रीस पडला. लग्नाच्या केकचे काळे मनुके ग्रीसमधून येत, ती वाट बंद झाली. त्याआधीच, ऑगस्ट १९४० पासून अन्न खात्याचा आणखी एक हुकूम लागू झाला होता. भाजून झालेल्या केकच्या बाहेर साखर लावायला बंदी. बेकरीच्या काचेआडचा पांढरा मनोरा एका कागदाने नाहीसा झाला.

बेकरीवाल्यांनी तोड काढली ती पुठ्ठ्याची. पुठ्ठ्याचे तीन मजले, त्यांवर प्लास्टर ऑफ पॅरिसची नक्षी, वर चांदीच्या कागदाचे घोड्याचे नाल. हे टोपण भाड्याने मिळे. लग्नाच्या दिवशी ते टेबलावर विराजमान होई, फोटो निघे, मग ते उचलले की खाली लहानसा, तपकिरी, बिनसाखरेच्या अंगाचा केक. दुसऱ्या दिवशी तेच टोपण दुसऱ्या नवरीकडे. त्या काळातले फोटो पाहताना हे लक्षात ठेवावे, त्यातले कित्येक भव्य केक पुठ्ठ्याचे आहेत. त्याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला खरे काय ते ठाऊक असे.

खरा पराक्रम पुठ्ठ्याखालच्या केकचा होता. तो बहुधा घरीच व्हायचा. नवरीच्या आईने महिनोन्‌महिने चहात साखर घालायची नाही, मावशीने आपल्या वाट्याच्या लोण्यातला तुकडा द्यायचा, शेजारणीने मनुक्यांची पुडी आणायची. सुका मेवा १९४२ पासून पॉइंटवर गेला होता. महिन्याला ठरावीक पॉइंट मिळत आणि त्यांतच डबाबंद मासे, डाळी, तांदूळ असे पुष्कळ काही बसवायचे असे. मनुक्यांवर पॉइंट खर्चणे म्हणजे रात्रीच्या जेवणातला एखादा पदार्थ सोडणे. पण पुष्कळदा सैनिकाला अचानक चार दिवसांची रजा मिळाली की लग्न ठरायचे. फळांचा केक मुरायला आठवडे लागतात, तेवढी सवड कोणाला होती? अशा वेळी जमवाजमव एका संध्याकाळात आटपावी लागे.

त्या केकची कृती वाचताना गृहिणींच्या हुशारीने थक्क व्हायला होते. अंड्यांऐवजी अमेरिकेहून आलेली अंड्यांची पूड. एक सपाट मोठा चमचा पूड आणि तसेच दोन चमचे पाणी म्हणजे एक अंडे. लोण्याऐवजी मार्गारीन. गोडव्यासाठी आणि ओलाव्यासाठी किसलेले गाजर. मनुके कमी पडले तर सुक्या आलुबुखाराचे बारीक तुकडे, आणि जी काही फळे असतील ती चहात भिजवून फुगवायची. उंची केक गडद दिसतो, म्हणून फिक्या मिश्रणात रस्सा काळसर करायला वापरतात तो रंग थेंबभर घालायचा. मैदाही पूर्वीचा नव्हता. १९४२ पासून सगळ्यांना एकच, कोंड्याचा अंश असलेले करडे पीठ मिळत होते.

बदाम मिळत नव्हते. म्हणून मार्गारीन थोड्या पाण्यात वितळवायचे, त्यात बदामाचा अर्क आणि साखर घालायची, मग सोयाबीनचे पीठ टाकून कणकेसारखे मळायचे आणि लाटायचे. हे युद्धकाळातले मर्झिपान, म्हणजे बदामाच्या वाटणाची नक्कल. लाटून केकवर नीट बसवले की रंग हस्तिदंती येई आणि वास बऱ्यापैकी बदामाचा. आयसिंगची जागा हाच थर घेई. सजावटीला बागेतली फुले, कागदाची जाळी, आईच्या लग्नातली जपून ठेवलेली फीत. राफल्डबाईंचा बदामाचा थर सुमारे १७० वर्षांनी सोयाबीनच्या रूपात पुन्हा घरच्या पोळपाटावर आला, पुन्हा बाईच्या हातात.

या कौतुकाला एक काळी बाजू आहे, ती मराठी वाचकापुढे झाकू नये. लंडनचे रेशन तुटपुंजे होते, पण ते सर्वांना नेमाने मिळत होते. मुंबईत रेशनिंग १९४३ मध्ये आले. त्याच वर्षी त्याच साम्राज्याच्या अमलाखाली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. समान वाटपाची जी व्यवस्था ब्रिटिश सरकारने मायदेशी इतक्या काटेकोरपणे उभी केली, ती बंगालला वेळेवर मिळाली नाही. लंडनच्या गृहिणीचा यात दोष नाही. सरकारचा आहे.

युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. उलट १९४६ ते १९४८ या काळात पावाचेही रेशनिंग झाले, जे युद्धातही नव्हते. अशा दिवसांत, २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथचे लग्न झाले. तिचा मुख्य केक चार मजल्यांचा, नऊ फूट उंच आणि सुमारे ५०० पौंडांचा होता. त्याचे सामान ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी पाठवले होते, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला दहा हजार मैलांचा केक म्हटले. गंमत अशी की भावी राणीचा केकसुद्धा दुसऱ्यांनी धाडलेल्या साखर-मनुक्यांवर झाला, गल्लीतल्या नवरीच्या केकसारखाच.

साखर २७ सप्टेंबर १९५३ रोजी खुली झाली आणि ४ जुलै १९५४ रोजी मांस खुले होऊन सगळे रेशनिंग संपले. दुकानांतले पांढरे मनोरे परत आले. घरचा केक मागे पडला आणि त्याच्या कृती वह्यांच्या मागच्या पानांवर, वर्तमानपत्रांच्या कात्रणांत राहिल्या.

त्या वर्षांतल्या नवऱ्या आता शंभरीच्या घरात आहेत. त्यांच्यातल्या फार थोड्या उरल्या आहेत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांच्या शेजारी अशी एखादी आजी असेल, तर तिला तिच्या लग्नाच्या केकबद्दल जरूर विचारा. साखर कोणी दिली होती आणि वरचा थर कशाचा होता, ते लिहून घ्या. राजवाड्यातल्या केकांची नोंद ठेवायला इतिहासकार आहेत. या केकांची नोंद अजून करायची आहे.