छऱ्याच्या पिस्तुलाचा पराक्रम

चित्रपट पडद्यावर येण्याआधी भिंतीवर येतो. तिकिटाला पैसे नसलेल्या माणसालाही भिंतीवरचा नायक फुकट पाहायला मिळतो, आणि मनात ठसतो तो तोच. जेम्स बॉण्डचीच कथा घ्या ना!

१९६२ च्या ‘डॉक्टर नो’साठी न्यूयॉर्कच्या जोसेफ कॅरॉफने ००७ ही मुद्रा तयार केली. इंग्रजी सातच्या आकड्याचा दांडा त्याने पिस्तुलाची मूठ केला आणि त्याला चाप नि नळी जोडली. मोबदला मिळाला ३०० डॉलर. मुद्रेवर त्याची सही नव्हती.

पुढे ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या जाहिरातीसाठी डेव्हिड हर्न हा छायाचित्रकार शॉन कॉनरीचे फोटो काढू लागला, तर बॉण्डचे आखूड पिस्तूल आणायला सगळेच विसरलेले! हर्नपाशी सरावासाठी लांब नळीचे, छऱ्याचे पिस्तूल होते. कॉनरीने तेच हाती धरले. भित्तिपत्रके रंगविणाऱ्यांनी ती नळी तशीच ठेवली, आणि जगाच्या मनात तेच बॉण्डचे शस्त्र ठरले.

मी वर्गात इतिहास शिकवतो. छापलेले चित्र घटनेवर कशी मात करते, याचा इतका गमतीदार दाखला मला दुसरा सापडलेला नाही.

२०१० साली लंडनच्या लिलावात ते पिस्तूल पावणेतीन लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. कॅरॉफ २०२५ साली, वयाची १०३ वर्षे पुरी करून वारला. त्याची मुद्रा कोट्यवधी लोक ओळखतात. त्याचे नाव, वाचकहो, आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते?